हिमनदी मागे जाते म्हणजे नेमकं काय होतं?

‘हिमनदी इतके मीटर मागे सरकली’ अशी बातमी वाचली की बर्फ उलट डोंगर चढून वर जातोय असं वाटतं. तसं कधीच होत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये बर्निना रेल्वेच्या मोर्तेराच स्थानकावर उतरलं की त्याच नावाच्या हिमनदीकडे पायवाट जाते. वाटेवर सालांचे फलक आहेत. त्या त्या साली बर्फाचं टोक तिथे होतं. जुन्या फलकांजवळ लार्चची झाडं उभी आहेत. पुढे झुडपं विरळ होत जातात आणि शेवटी उरतात नुसते गोटे आणि वाळू. १८७८ पासून टोक अडीच किलोमीटरहून जास्त वर गेलं आहे.

पण या सगळ्या काळात बर्फ खालीच वाहत होता! वर साचलेला हिम दबून बर्फ होतो, स्वतःच्या वजनाने उतरतो आणि खाली वितळतो. जितका बर्फ येतो तितका वितळून संपतो, तिथे टोक. वितळणं वाढलं की तो बर्फ आधीच, वरच्या बाजूला संपतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५५ मध्ये मांडलेला नियम. बर्फावरचा ताण दुप्पट झाला की त्याचा आकार बदलण्याचा वेग साधारण आठपट होतो, म्हणजे ताणाच्या घनाच्या प्रमाणात. तळाशी ताण जाडीनुसार वाढतो, आणि तळापासून वरपर्यंत प्रत्येक थराचा वेग खालच्या थराच्या वेगात मिळवला जातो. म्हणून पृष्ठभागाचा वेग जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. उतार तोच ठेवला आणि तळाशी होणारं घसरणं सोडून दिलं, तर जाडी निम्मी होताच वेग सोळाव्या हिश्श्यावर येतो. वाहणारा थरही निम्माच, म्हणून पुरवठा बत्तिसाव्या हिश्श्यावर! पातळ झालेली हिमनदी टोकाला बर्फ पोचवूच शकत नाही. २०१५ मध्ये तर मोर्तेराचला येऊन मिळणारी पेर्स ही हिमनदीही तिच्यापासून तुटली.

याच देशात आलेच हिमनदी वाढू नये म्हणून गावकऱ्यांनी १६७८ मध्ये नवस केला होता. आता ती टिकावी म्हणून प्रार्थना होते. हिमनदीचा जमाखर्च मात्र दोन्ही वेळा हवामानानेच ठरवला: तेव्हा लघु हिमयुगाची थंडी, आज आपण हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड.

वाटेच्या शेवटी टोकाच्या फार जवळ जाऊ नये, कारण तिथे वरून दगड पडतात. ते वरच्या कड्यांवरून निखळून बर्फाच्या पाठीवर बसून खाली आलेले असतात.