फळ्यासमोरची परीक्षा आली कुठून?

प्रोग्रामरच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलं की पुढ्यात काय येणार, हे आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. आधी ऑनलाइन कोडिंग टेस्ट, मग अल्गोरिदमचे, म्हणजे प्रश्न पायरी-पायरीने सोडवण्याच्या पद्धतींचे एक-दोन राउंड, गाठीला अनुभव असेल तर सिस्टीम डिझाइन, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरची मांडणी, आणि शेवटी 'सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत' छापाचे प्रश्न. दहा-बारा वर्षं काम केलेल्यालाही यातून सुटका नाही. यातला प्रत्येक राउंड त्या-त्या काळातल्या एखाद्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. अडचण बदलली, तोडगा मात्र राहिला.

पहिली अडचण अगदी साधी होती. १९५० च्या दशकात प्रोग्रामर हवे होते, पण ते काम आधी कुणी केलेलंच नव्हतं. मग अनुभव विचारणार कुणाला? आयबीएमने १९५५ च्या सुमारास प्रोग्रामर ॲप्टिट्यूड टेस्ट काढली. त्यात संख्यामालिका, आकृत्यांमधली साम्यं आणि अंकगणिताची उदाहरणं असत. कॉम्प्युटरचा त्यात संबंधच नव्हता. बुद्धिबळ किंवा संगीतरचनेची आवड असलेल्यांना बोलावणाऱ्या जाहिरातीही त्या काळात निघाल्या. पुढे ही परीक्षा लाखोंनी दिली. तिच्यातले गुण आणि प्रत्यक्ष कामातली हुशारी यांचा मेळ फारसा बसत नाही, असे निष्कर्षही येत राहिले, पण एकाच वेळी शेकडो उमेदवार गाळायला दुसरं काही हाताशी नव्हतं. १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या आणि या मंडळींना माणसांत फारसा रस नसतो, असं नोंदवलं. ते वर्णन निवडीचा निकष म्हणूनही वापरलं गेलं. एकलकोंड्या प्रोग्रामरची प्रतिमा काही अंशी अशी भरतीतूनच घडली, असं मला वाटतं.

मायक्रोसॉफ्टच्या भरभराटीच्या काळात कोड्यांचं पर्व आलं. मॅनहोलची झाकणं गोल का असतात, हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रश्न. गूगलने २००४ मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या हायवेवर कंपनीचं नावही न घालता एक फलक लावला: 'ई' या गणिती स्थिरांकाच्या अंकांमध्ये सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा आणि तिच्या पुढे डॉट कॉम लावा. उत्तर काढून त्या पत्त्यावर गेलं की पुढचं कोडं, आणि तेही सुटलं की बायोडेटा पाठवायचं निमंत्रण. याच गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीर सांगून टाकलं, की अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. त्यातून पुढच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही, उलट विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं.

तोवर मुलाखतीतच, बहुतेकदा फळ्यावर, कोड लिहायला लावण्याची पद्धत रुजली होती. २००७ मध्ये फिझबझ गाजलं. १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग जात असेल तर आकड्याऐवजी 'फिझ', ५ ने जात असेल तर 'बझ', दोन्हींनी जात असेल तर 'फिझबझ'. गोम आहे १५ वर. ३ ची अट आधी तपासून जो तिथेच थांबतो, त्याचा प्रोग्राम १५ ला नुसतं 'फिझ' म्हणतो. नोकरी मागायला आलेले कितीतरी जण यावरच अडतात, हे वाचून तेव्हा बरीच खळबळ माजली होती.

मग तयारीची पुस्तकं आली, लीटकोडसारख्या सरावाच्या साइट आल्या, उमेदवार पाठ करून येऊ लागले आणि प्रश्न अवघड होत गेले. २०१५ मध्ये मॅकवर सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या होमब्रू या लोकप्रिय टूलचे कर्ते मॅक्स हॉवेल यांनी ट्विट केलं, की गूगलचे बहुतेक इंजिनियर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटवता आली नाही म्हणून मला नाकारलं. बायनरी ट्री म्हणजे प्रत्येक नोडला (गाठीला) जास्तीत जास्त दोन फांद्या असलेली माहितीची रचना. खरं तर ती उलटवणं चार-पाच ओळींचं काम आहे: प्रत्येक नोडच्या डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल करत खाली उतरायचं. पण ते होमब्रू लिहिताना लागतं का, हा प्रश्न उरतोच.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा २०२० मधला प्रयोग मला यातला सगळ्यात बोलका वाटतो. ४८ जणांपैकी काहींनी फळ्यावरचा प्रश्न खोलीत एकट्याने सोडवला. बाकीच्यांनी परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत. कुणी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. त्या गटातली एकही स्त्री उत्तीर्ण झाली नाही. एकटीने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या.

वागणुकीच्या प्रश्नांची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. सर्वांना तेच प्रश्न, तेच निकष, ही आखीव मुलाखतीची पद्धत औद्योगिक मानसशास्त्रातून आली. ॲमेझॉनने तिला स्वतःच्या तत्त्वांची जोड दिली आणि टीमबाहेरचा एक 'बार रेझर', म्हणजे निवडीची पातळी घसरू न देणारा परीक्षक, मुलाखतीत बसवला.

आता अडचण आहे ती एआयची. ऑनलाइन राउंडमध्ये उत्तर नेमकं कोण लिहितंय, हे कळेनासं झाल्यावर गूगलने २०२५ मध्ये किमान एक राउंड पुन्हा समोरासमोर घ्यायचं ठरवलं. मेटाने त्याच वर्षी उलट दिशेने, एआय वापरू देणाऱ्या कोडिंग मुलाखतीची चाचणी सुरू केली. त्यामुळे बोलावणं आलं की एआय चालेल का, हे रिक्रूटरला आधीच विचारून घ्यावं लागतं.