दिवाळीनंतर सर्व्हे केला तर घरी कोण सापडणार?

दिवाळी झाली की आमच्या बीडकडं वाड्या-तांड्यांवर घराघराला कुलपं लागतात. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, साखर कारखान्याच्या फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, जाते ती पार मार्च-एप्रिललाच परत येते. आता महिलांच्या आरोग्याचा सर्व्हे डिसेंबरात आला तर घरी कोण भेटणार? म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं, आणि ज्यांना ऊस तोडायला जावं लागत नाही अशा बाया. दुखण्याचा आकडा कमीच दिसणार, कारण ज्यांचं दुखणं मोजायचं होतं त्या गावातच नाहीत. म्हणून मला वाटतं आपल्याकडं आरोग्याचा कुठलाही कार्यक्रम आखताना पहिला प्रश्न तारखेचा असायला पाहिजे.

दुसरा प्रश्न भाषेचा. फॉर्मवर "जननमार्गाचा संसर्ग आहे का" असं असतं आणि बाई "नाही" म्हणते. एकदा आमच्या वस्तीवरच्या आशाताईंनी फॉर्म बाजूला ठेवला, सासू पाणी भरायला जाईपर्यंत थांबल्या आणि मग हळूच विचारलं, "अंगावरून पांढरं जातं का गं?" तर ती पोरगी म्हणाली, "ते तर समद्याच बायांना जातं, त्याला काय दवाखाना?" बाई तीच, दिवस तोच, फक्त शब्द बदलला आणि सासू दारात नव्हती, तर उत्तर उलटं झालं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायांची प्रत्यक्ष तपासणी केली होती, 1989 ला ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि आधी कधी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवरून कार्यक्रम ठरवला असता तर हे दुखणं कुणाला दिसलंच नसतं.

आता पिशवीचं. 2019 ला सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांचा सर्व्हे झाला, त्यात 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी एवढी तफावत नुसत्या वयानं पडत नाही. फडावर न्हाणीघर नाही, पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, एक दिवस खाडा केला की पैसे कापले जातात. मग बरेचदा गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग अंगावर काढला जातो, आणि शेवटी कुणीतरी कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन करायला लावतो. त्यात बीजांडकोशही काढले तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला सुरुवात होते. इथं नुसते पॅड वाटून काय होणार? पॅड पाहिजेतच, पण खाडा आणि पाणी याला हात घातला नाही तर हे ऑपरेशन थांबणार नाही.

आता लग्नाच्या वयाचं. आपल्याच मराठवाड्यातलं यावरचं नीट मोजलेलं काम म्हणजे पैठण तालुक्यातल्या पाचोडचं. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनं नव्वदीच्या शेवटी लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्याचा वर्ग चालवला, संध्याकाळी रोज एक तास, शिकवणारी गावातलीच बाई, आणि काय शिकवायचं ते आईबापांना विचारून ठरवलेलं. 1997 ते 2001 या काळात एकूण लग्नांत 11 ते 17 वयाच्या मुलींच्या लग्नाचं प्रमाण 80.7 वरून 61.8 टक्क्यांवर आलं.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की वर्ग नसलेली तशीच गावंही त्यांनी सोबत मोजली आणि तिथं असा फरक पडला नव्हता. तुलनेचं गाव नसेल तर काहीच सांगता येत नाही, कारण बालविवाह तसेही हळूहळू कमी होतायत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या बायांत अठराच्या आत लग्न झालेल्यांचा महाराष्ट्राचा आकडा चौथ्या फेरीत 26.3 टक्के होता तो पाचव्या फेरीत 21.9 झाला, मग आपल्या गावात चार-पाच टक्के कमी झाले तर ते कार्यक्रमामुळं की रस्ता, एसटी आणि हायस्कूल आल्यामुळं? त्यात राज्याच्या सरासरीत आपलं दुखणं झाकून जातं, त्याच पाचव्या फेरीत परभणी 48 आणि बीड 43 टक्क्यांच्या वर आहे.

म्हणून अहवालात "इतकी शिबिरं, इतके पॅड, इतक्या मुली हजर" असं वाचलं की मी पुढचं पान शोधतो. त्या मुलींची लग्नं कितव्या वर्षी झाली, पहिलं बाळंतपण कधी झालं, आणि वर्ग अर्ध्यात सोडलेल्या मुलींचं काय झालं, कारण बहुतेक वेळा त्यांचंच लग्न आधी ठरलेलं असतं आणि हजेरीतून गेल्या की त्या हिशोबातूनही जातात. हे विचारायला कुणाला यायचं असेल तर गुढीपाडवा होऊ द्या, कोयते गावात येतात, कुलपं निघतात, आणि दुपारी बाया लिंबाखाली निवांत बसलेल्या असतात तेव्हा या.