सूज उतरली, म्हणजे नेमकं काय उतरलं?

मुंबईतल्या एखाद्या सरकारी रुग्णालयात, पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) आलेल्या बाईच्या खाटेपाशी चौथ्या दिवशी हमखास एक दृश्य दिसतं. मुलगा सीटी स्कॅनची प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरून उभा असतो आणि विचारतो, "डॉक्टर, सूज उतरली का?" उतरत्येय, मॅनिटॉल हे सुजेचं औषध कमी करतोय, असं उत्तर मिळतं. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पुढे तीन-चार महिन्यांनी आई कुणाशी बोलेनाशी होते, तेव्हा त्या सुजेची आठवण कुणालाच येत नाही.

घोळ या एका शब्दात आहे. मॅनिटॉलने उतरते ती सूज म्हणजे मेंदूत साचलेलं पाणी. ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग ओसरते. इन्फ्लमेशन, म्हणजे इजेला शरीराच्या संरक्षक पेशींनी दिलेली प्रतिक्रिया, निराळं. त्यात मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चेतवल्या जातात, रक्तातल्या पेशी आत शिरतात, आणि हा प्रकार आठवडे, कधी कधी महिने चालतो. साध्या सीटीच्या प्लेटवर तो दिसत नाही. मराठीत त्याला 'दाह' म्हणावं, तर लोकांचा हात छातीतल्या जळजळीकडे जातो. पाठ्यपुस्तकी 'शोथ' घ्यावा, तर आयुर्वेदात शोथ म्हणजे पुन्हा सूजच. त्यामुळे 'सूज गेली' हे वाक्य एका अर्थी खरं असूनही घरच्यांची दिशाभूल करतं.

पूर्वी झटक्यानंतरची उदासी अगदी साहजिक मानत. हात गेला, पाय गेला, माणूस खचणारच. 1977 साली अमेरिकेत झटक्याच्या रुग्णांची तुलना तेवढेच परावलंबी झालेल्या हाडांच्या रुग्णांशी केली गेली. झटक्याचे रुग्ण जास्त उदास निघाले. म्हणजे लुळेपणाचं दुःख एवढंच कारण पुरेसं नव्हतं. मग मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाला इजा झाली की नैराश्य येतं, हा सिद्धांत बरीच वर्षं चालला. 2000 साली सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर त्याला आधार सापडला नाही. त्यानंतर, या उदासीमागे इन्फ्लमेशन (त्याला इथून पुढे दाहच म्हणू) तर नाही ना, अशा शंकेने लक्ष रक्तातल्या सीआरपी, इंटरल्युकिन-6 या प्रथिनांसारख्या दाहाच्या खुणांकडे वळलं.

झटक्यानंतर बाईच्या आणि पुरुषाच्या मेंदूत वेगळं काही घडतं का, हा प्रश्न मात्र फार उशिरा आला, आणि यात प्रयोगशाळांचा दोष मोठा आहे. प्रयोग व्हायचे ते बहुतेक तरुण नर उंदरांवर, कारण मादीचं हार्मोनचं चक्र 'गुंतागुंतीचं' ठरवलेलं. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर दिसलं की पार्प-1 हे एन्झाइम काढून टाकलं तर झटक्यानंतर नर उंदरांचा मेंदू वाचतो, माद्यांना मात्र उलट अपाय होतो. तरुण माद्यांना इस्ट्रोजेनचं संरक्षण असतं, वय झालं की ते उरत नाही. म्हणून पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात, हा सरळ वाटणारा उपाय 2002 च्या मोठ्या चाचणीत फसला. झटक्यांचं प्रमाण उलट वाढलं.

आपल्या शहराचा आकडा इथे आठवावा. 2005-06 मधल्या मुंबईतल्या पाहणीत पहिल्यांदाच झटका आलेले 456 रुग्ण नोंदले गेले. त्यात 218 बायका होत्या, पुरुषांपेक्षा सरासरी पाचेक वर्षांनी मोठ्या. म्हणजे वॉर्डातली आजी साठी-सत्तरीची आणि प्रयोगशाळेतला उंदीर तरुण, तोही नर. झटक्यानंतर साधारण दर तीन रुग्णांत एकाला कधी ना कधी नैराश्य येतं, आणि बहुतेक अभ्यासांत बायकांचं प्रमाण जास्त निघतं. वय, वैधव्य, परावलंबन हिशेबात धरलं की ही तफावत कमी होते. तिच्यात दाहाचा वाटा किती, हा वाद अजून चालू आहे.

औषधाचंही तसंच. 2018 च्या ब्रिटिश चाचणीत तीन हजारांवर रुग्णांना सहा महिने फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध किंवा नकली गोळी दिली. फ्लुओक्सेटिनवाल्यांत नैराश्य कमी आढळलं, पण हातापायांत फरक पडला नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. हाडं आधीच ठिसूळ झालेल्या म्हातारीला ही गोळी लिहिताना डॉक्टर दोनदा विचार करतात.

तेही उदासी ओळखली गेली तर. ओपीडीत नैराश्य ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांचा कागद असतो. 'गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं?' आजी म्हणतात, "माझं कसलं काम आता? सूनबाईच करते सगळं." मुलगा 'एकही दिवस नाही' वर टिक करतो आणि पुढचा प्रश्न वाचायला लागतो.