चिपाडातला कार्बन: लिग्निनच्या धाग्याची पार्श्वभूमी

कोल्हापूरकडे उसाचं चिपाड वाया जात नाही, ते जळतं. गुऱ्हाळावर चुलवाणात, कारखान्यात बॉयलरमध्ये. शंभर किलो ऊस गाळला की तीसेक किलो बगॅस, म्हणजे हेच चिपाड, निघतो, त्यातलं निम्मं पाणी. उरलेल्या कोरड्या भागात पाचवा ते चौथा हिस्सा लिग्निनचा. उसाला ताठ उभं ठेवतं ते हेच. या लिग्निनपासून कार्बन फायबर, म्हणजे जवळपास निव्वळ कार्बनचा हलका आणि भक्कम धागा, करण्याची बातमी अधूनमधून येते आणि दर वेळी नवा शोध म्हणून येते. शोध जुना आहे.

एडिसनच्या १८७९च्या दिव्यात कार्बनचा धागा म्हणून जळवून कोळसा केलेला सुती दोराच होता, पुढे बांबू आला. १९६१ साली ओसाकाच्या अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे ‘पॅन’ या कृत्रिम प्लास्टिकपासून कार्बनचा धागा काढला आणि वनस्पती मागे पडली. पॅनचे रेणू लांब, सरळ, एकसारखे. पण महाग, धाग्याच्या खर्चातला निम्मा त्यातच जातो. म्हणूनच लिग्निनकडे पुन्हा पुन्हा नजर वळते. जपानमध्ये सुगिओ ओतानी यांनी साठच्या दशकातच लिग्निनचा धागा केला, निप्पॉन कायाकूने तो ‘कायाकार्बन’ नावाने काही काळ विकलाही. टिकला नाही.

अडचण लिग्निनच्या स्वभावात आहे. त्याचे रेणू फांद्या फुटलेले, वेडेवाकडे, आणि झाडागणिक वेगळे. वितळवून काढलेला धागा आधी हवेत २५० अंशांपर्यंत अगदी सावकाश तापवावा लागतो; घाई केली की धागे एकमेकांना चिकटून गोळा होतो. मग हवा वगळून हजार अंशांच्या वर. एवढं करून तुटेपर्यंत ताण सोसायची ताकद बहुधा एक गिगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून कमी. पॅनच्या साध्या धाग्याची साडेतीन. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मोटारींसाठी ठेवलेलं १.७२ गिगापास्कलचं माफक लक्ष्यही लिग्निनला जड गेलं.

बगॅसमध्ये तर राख आणि सिलिकाही असते. कास्टिंगमधलं ब्लो होल, म्हणजे ओतीव धातूत अडकलेल्या वायूची पोकळी, काय करतं हे शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. केसाहून बारीक धाग्यात राखेचा कण तेच करतो. शिवाय लिग्निन काढून घेतलं तर बॉयलरचं जळण कमी होतं, आणि वीज विकणाऱ्या कारखान्याला तो हिशेब आधी दिसतो.

माझ्या मते कोल्हापूरला जवळची वाट दुसरी आहे. फिनोलिक रेझिन, म्हणजे फिनॉलपासून केलेला तापवल्यावर घट्ट होणारा चिकट राळेसारखा पदार्थ, त्यातल्या फिनॉलची काही जागा लिग्निन घेऊ शकतं, प्लायवूडच्या गोंदात ते वापरलं जातंही. फौंड्रीत कास्टिंगच्या आतली पोकळी राखणाऱ्या साच्याच्या, म्हणजे कोअरच्या, वाळूला चढवतात ते रेझिन बहुतेक याच जातीचं, आणि त्याचं गिऱ्हाईक इथे एमआयडीसीतच आहे.