दगड डुकरातून आरपार कसा जातो: कोलिजन डिटेक्शनची पार्श्वभूमी

आमच्या गावच्या दोन पोट्ट्यांनी जागलीचा गेम बनवला. मचाणावरून गोफण फिरवायची अन् तुरीत शिरलेली रानडुकरं हाकलायची. माझ्या लॅपटॉपवर दगड बरोबर लागायचा, त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर डुकरातून सरळ आरपार. "काका, डुक्कर भूत हाये का?" भूत नाही बाप्पा, भानगड जुनी आहे.

दोन वस्तू धडकल्या का ते ओळखणं म्हणजे कोलिजन डिटेक्शन. आधी हे काम चिपच करायची. १९७७ च्या एका कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडायच्या गेम मशीनमध्ये) त्यासाठी १५ बिट, म्हणजे हो-नाहीच्या १५ खुणा होत्या, कोणती दोन चित्रं एकमेकांवर आली ते त्यात नोंदलं जायचं आणि पुसेपर्यंत तसंच राहायचं. १९८२ च्या एका घरगुती कॉम्प्युटरवर आठ स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं होती, धडकेत कोणकोण होतं ते कळायचं, पण कोण कोणाला धडकलं ते तुम्हीच शोधा.

थ्रीडीत पिक्सेल पाहून भागत नाही. १९८८ ची एक पद्धत रोबोटवाल्यांकडून आली: एका आकारातून दुसरा वजा करायचा, उरलेल्या आकारात शून्यबिंदू सापडला तर दोघांत एखादा बिंदू सामायिक आहे, म्हणजे दोघं भिडलेले. आजही गेम चालवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या, म्हणजे इंजिनांच्या, पोटात हीच आहे. १९९६ मध्ये तिरक्या डब्यांची झाडं आली: वस्तूभोवती एक डबा कल्पायचा, त्यात आणखी छोटे डबे, झाडाच्या फांद्यांसारखे. दोन डब्यांमधे फट आहे का हे पाहायला १५ दिशा तपासायच्या (पुन्हा १५, निव्वळ योगायोग). पण १००० वस्तू म्हणजे ४,९९,५०० जोड्या, त्याही दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला), म्हणून आधी सगळे डबे एका अक्षावर ओळीने लावतात, म्हणजे जवळच्याच जोड्या तपासाव्या लागतात, अन् मागच्या फ्रेमची ओळ बहुतेक तशीच असते, जिनिंगसमोरच्या कापसाच्या गाड्यांसारखी, एखाददुसरी गाडी मागेपुढे झाली तर तेवढीच सरकवायची.

आता मुद्द्याचं. दगडाचा वेग सेकंदाला ३० मीटर, सेकंदाच्या ६० फ्रेमला भागलं की एका उडीत ५० सेंटीमीटर. दगडाच्या वाटेत आडवं उभं असलेलं डुक्कर ४० सेंटीमीटर जाडीचं, दगड ५ चा, मिळून ४५, म्हणजे दहात नऊदा लागेल. जुन्या लॅपटॉपवर २० फ्रेम, उडी दीड मीटरची, दहात तीनदाच लागेल. दगड दोन उड्यांच्या मधे कुठे होता हे कोणी विचारतच नाही, बहुतेक इंजिनांत न विचारणं हेच डिफॉल्ट. मशीनी हळू होत्या, एवढा हिशोब परवडत नव्हता, तेव्हा ठीक होतं ते.

उपाय म्हणून इंजिनाच्या मेनूत 'कंटिन्युअस' (सलग तपासणी) असतं, आणि खरा घोळ या शब्दाचाच आहे. एका अर्थी मागच्या जागेपासून पुढच्या जागेपर्यंत अख्खी वाट झाडून धडकेचा क्षण शोधायचा. दुसऱ्या अर्थी वेगाच्या हिशोबाने डबा फुगवायचा आणि धडक होईल असं आधीच धरून चालायचं. हे स्वस्त पडतं, पण कधी काही न लागताच वस्तू अडखळते. एक शोध आहे, दुसरा अंदाज, तरी नाव एकच! मला तर ही नाव ठेवणाऱ्यांची चूकच वाटते, नवख्या पोरांचे दिवसचे दिवस यात जातात.

२०२० मध्ये आणखी एक पद्धत आली, वस्तू जवळ आल्या की ढकलणारं बळ इतकं वाढवत नेते की एकमेकांत शिरणारच नाहीत. कापड, रबर यांच्या सिम्युलेशनला छान, गेमला जड.

पोट्ट्यांनी यातलं काहीच घेतलं नाही. दगडाच्या मागच्या जागेपासून पुढच्या जागेपर्यंत एक रेषा ओढली अन् ती डुकराला कापते का एवढंच पाहिलं. आता लागतो. फक्त रेषेला जाडी नाही अन् दगड ५ सेंटीमीटरचा, त्यामुळे पाठीला चाटून जाणारा अजूनही सुटतोच.