पेशीचा पाठ: कॉर्कच्या खणांपासून केळीच्या गरापर्यंत

वाढतो, श्वास घेतो, आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करतो तो सजीव, हे प्राथमिकच्या मुलांना लवकर समजते. पेशीची ओळख मात्र बहुतेकदा फळ्यावरच होते: एक चौकट, मध्ये एक ठिपका. मग मुलांना पेशी म्हणजे रिकामी डबी वाटते. विज्ञानालाही ती सुरुवातीला तशीच दिसली होती.

1665 साली रॉबर्ट हूकने कॉर्कचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि एका इंचात हजाराहून जास्त खण मोजले. कॉर्क ही मेलेली साल. आतले जिवंत द्रव्य केव्हाच गेलेले, उरल्या होत्या फक्त भिंती. ताज्या वनस्पतींत रसाने भरलेले खणही हूकला दिसले होते. पण गाजले ते कॉर्कचेच चित्र. पुढे 1674 च्या सुमारास डेल्फ्टचा कापड व्यापारी लेवेनहूक याने तळ्याच्या पाण्यात हलणारे सूक्ष्म जीव पाहिले, तेही एकाच बारीक भिंगातून. 2014 साली पुढे आलेला कागदी फोल्डस्कोप याच तत्त्वावर चालतो आणि सुमारे 140 पट मोठे दाखवतो. जिथे सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि वर्ग मोठा, तिथे तो फार उपयोगी पडतो.

1831 साली रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींतल्या केंद्रकाकडे, म्हणजे चौकटीतल्या त्या ठिपक्याकडे, लक्ष वेधले. श्लायडेन (1838) आणि श्वान (1839) यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचेच बनलेले असल्याचे मांडले. पेशी द्रवातून स्फटिकासारख्या तयार होतात, ही त्यांची समजूत मात्र चुकीची ठरली. रेमाकने पेशींचे विभाजन पाहिले होते. 1855 मध्ये फिरशोने ठामपणे सांगितले की पेशी पेशीपासूनच येते. भिंतीपासून इथवर यायला 190 वर्षे लागली. म्हणूनच पाठ भिंतीपाशी थांबवणे योग्य नाही.

शाळांत कांद्याची साल रुळली, कारण तिचा पापुद्रा पेशींच्या एकाच थराचा असतो आणि पेशी मोठ्या असतात. मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलावा, पाण्याच्या थेंबात सपाट पसरावा, वर आयोडीनचा एक थेंब टाकावा. आच्छादक काच तिरपी टेकवून हळूच खाली सोडावी. ती एकदम ठेवली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुले काळ्या कडेची ती गोल वर्तुळेच पेशी म्हणून वहीत काढतात. आयोडीनने केंद्रक पिवळसर तपकिरी, उठून दिसते. पण पेशी मरते.

म्हणून दुसरी काचपट्टी हायड्रिलाची हवी. तळ्यात, संथ पाण्यात वाढणाऱ्या या पाणवनस्पतीचे पान जेमतेम दोन थरांचे, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. शेंड्याजवळचे कोवळे पान तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवावे. आधी 100 पट, मग 400 पट. थोडा वेळ उजेडात राहिले की हरितलवके, म्हणजे पानाला रंग देणारे हिरवे कण, पेशीच्या कडेकडेने सरकताना दिसतात. सवयीने यातही आयोडीन टाकले तर सगळे जागीच थांबते. खानदेशातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात थेंब लवकर सुकतो, पान आकसते. काचेच्या कडेला अधूनमधून पाणी सोडत राहावे.

तिसरी काचपट्टी केळीची, आणि रावेर-यावल या खानदेशातल्या केळीच्या पट्ट्यातल्या मुलांना यासाठी लांब जायला नको. कच्च्या केळीचा टाचणीच्या डोक्याएवढा गर पाण्यात पसरून आयोडीन टाकले की पेशींत निळे-काळे स्टार्चचे कण खच्चून भरलेले दिसतात. गर जास्त घेतला तर सगळा गोळाच काळा होतो, काही उमगत नाही. शेजारी पिकलेल्या केळीची पट्टी ठेवावी: स्टार्चची साखर झालेली असल्याने कण अगदी तुरळक. केळी पिकते म्हणजे नेमके काय होते, हे मुलांना पेशीच्या आतच दिसते, आणि पिकल्यावर ती गोड का लागते हे वेगळे सांगावे लागत नाही.