वायर काढून परत लावली, आणि बिलात वजन येईना
आमच्या बिलिंग मशीनच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

"वायर सैल झाली होती, काढून परत लावली, तेव्हापासून बिलात वजनच येत नाही." असा फोन आम्हाला वरचेवर येतो. जाऊन पाहावं तर काटा चांगला असतो, वायर चांगली असते, मशीनही चालू असतं. मग अडतं कुठे? ते एकदा नीट कळलं तर गिऱ्हाईक समोर उभं असताना तुमचा खोळंबा होणार नाही.

तुमच्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आहे. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मशीन चालू असताना तुम्ही यूएसबीची पिन खोचली की वायरीतल्या विजेच्या बदलावरून कर्नलला कळतं की कुणीतरी आलं. तो आलेल्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि ओळख विचारतो. उपकरण दोन क्रमांक सांगतं, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा मॉडेलचा. काही उपकरणं आपला स्वतःचा अनुक्रमांकही सांगतात. कोणता ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागेल ते या क्रमांकांवरून ठरतं आणि तो आपोआप चढतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं.

अडचण यापुढे, नावाची. काटा आणि ग्राहकाला रक्कम दाखवणारा डिस्प्ले, दोन्ही यूएसबी कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या पद्धतीची वायर यूएसबीला जोडून देणाऱ्या तुकड्यातून, येतात. कर्नल त्यांना आलेल्या क्रमाने नंबर देतो: पहिल्याला शून्य, दुसऱ्याला एक. दवाखान्यातल्या टोकनसारखंच आहे हे. वीज जाऊन आली की दोघंही एकदमच दारात येतात, आणि ज्याची ओळख आधी पटेल त्याला शून्य मिळतो. काल शून्यावर काटा होता, आज डिस्प्ले असू शकतो. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वायर निघाली तरी बिलिंगचा प्रोग्रॅम जुना नंबर सोडत नसेल, तर तो नंबर अडकून राहतो. मग परत लावलेल्या काट्याला पुढचा नंबर मिळतो आणि प्रोग्रॅम मात्र जुन्याच टोकनवर वाट पाहत बसतो.

सुरुवातीच्या मशीनमध्ये आम्ही हे नंबरच गृहीत धरले होते. ती आमची चूक होती आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत काही दुकानदारांना तिचा त्रास झाला. आता तसं करत नाही.

लिनक्समध्ये यावर चांगला उपाय आहे, यूडेव्ह नावाचा प्रोग्रॅम. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो २००३ मध्ये आणला. उपकरण आलं किंवा गेलं की कर्नल वर्दी देतो, नंबराशिवाय आणखी कोणतं टोपणनाव द्यायचं ते यूडेव्ह नियमांच्या फाइलीत बघून ठरवतो. आम्ही तिथे एक ओळ लिहितो: या कंपनीचा, या मॉडेलचा, या अनुक्रमांकाचा कन्व्हर्टर आला की त्याला 'काटा' हे टोपणनाव दे. मग नंबर कोणताही मिळो, प्रोग्रॅम 'काटा' याच नावाने हाक मारतो. वायर निघाली की जुना नंबर सोडायचा आणि नाव परत दिसलं की जोडून घ्यायचं, हेही आता प्रोग्रॅमला शिकवलं आहे. दोन्ही गोष्टी लागतात, एकीने भागत नाही.

एक अपवाद आहे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या सीएच३४० चिपच्या कन्व्हर्टरना सहसा अनुक्रमांकच नसतो. असे दोन लावले तर जुळ्या भावांसारखे, कोण कुठला ते मशीनला सांगता येत नाही. तिथे आम्ही नाव उपकरणाऐवजी खोबणीला बांधतो. तुमच्या मशीनमागे पिवळा ठिपका असेल तर काट्याची पिन त्याच खोबणीत लावा. आमचं स्पष्ट मत असं की थोडे पैसे जास्त गेले तरी अनुक्रमांक असलेला कन्व्हर्टर घ्यावा.

याच चिपचा आणखी एक त्रास लिनक्सच्या उबुंटू २२.०४ या आवृत्तीवर होतो. अंध व्यक्तींसाठी ब्रेल डिस्प्ले चालवणारा एक प्रोग्रॅम त्यात आधीपासून असतो, आणि काही ब्रेल डिस्प्लेही हीच चिप वापरतात. त्यामुळे तो काट्याच्या कन्व्हर्टरलाच ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो. कन्व्हर्टर क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. तेवढा एक नियम आम्ही बंद करतो. तुमच्या दुकानात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर आधी सांगा, त्यांची सोय ठेवूनच काम करू.

बारकोड स्कॅनरची काळजी नको. मशीनच्या दृष्टीने तो कीबोर्डच असतो, कुठेही लावा.

काट्याकडची जुनी ९ पिनांची बाजू मात्र वेगळी. तिथून वायर निसटली तर कर्नलला काहीच कळत नाही, कारण त्या जोडणीत आल्या-गेल्याची वर्दी देण्याची सोय नाही. त्या पिनचे दोन्ही स्क्रू घट्ट आवळून ठेवा. काट्याच्या आत हात घालू नका, वैधमापन खात्याचं सील तुटेल.

वेगळा अडॅप्टर नसलेला हब, म्हणजे एका खोबणीच्या अनेक खोबण्या करणारा डबा, हाही टाळा. यूएसबी २ च्या अशा हबवर प्रत्येक खोबणीला विजेचे १०० मिलिअँपिअरच मिळतात. थेट मशीनवर ५०० पर्यंत मिळतात.

बॅकअपचा पेनड्राइव्ह काढताना 'सुरक्षितपणे काढा' दाबल्याशिवाय ओढू नका. पडद्यावर कॉपी पूर्ण दिसली तरी कर्नल काही माहिती आपल्याजवळ धरून ठेवतो आणि सावकाश लिहितो; साधारण अर्ध्या मिनिटाचा उशीर सहज होतो. तेवढ्यात पेनड्राइव्ह ओढला तर दिवसभराची बिलं अर्धवट राहू शकतात.

वजन येत नसेल तर यूएसबीकडची पिन काढा, दहा आकडे मोजा, परत लावा. तरीही आलं नाही तर मशीन बंद न करता आम्हाला फोन करा. वायर लावल्यापासून काय काय झालं याची कर्नलने ठेवलेली नोंद तेव्हा मशीनमध्ये असते, ती पाहून बिघाड काट्याकडे आहे, वायरीत आहे की आमच्या सेटिंगमध्ये, हे आम्हाला दुकानात न येताही बहुतेक वेळा सांगता येतं.